घरचं माणूस

१

ठमा खांद्यावर झोपली की भागूबाईचं ऑफिस उघडायचं.

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, शेजारच्यांच्या आंधळ्या मांजरालासुद्धा भ्यायची, म्हणून आईने ते ठेवलेलं. पुढे पदव्या झाल्या, लग्न झालं, लेक झाली. नाव काही सुटलं नाही. आता तर तिला स्वतःलाही ते पटायला लागलं होतं. ठमा झोपली नाही तर का झोपत नाही म्हणून काळजी, आणि झोपली तर नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं.

दुपारची आवराआवर झाली की ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभी राहायची. बसायची सोय नव्हती; बसलं की ठमाला कळायचं. खांद्यावर पिवळं फडकं, फडक्यावर बदकं, बदकांवर ठमाचा गाल, आणि उरलेल्या एका हाताने नोकरी. पाय जागेवर, अंग मात्र इकडून तिकडे डुलत. मध्येच ठमा चुळबुळली की ओठांतल्या ओठांत, "श्श... झालं हं, झालं." काय झालं ते तिलाही ठाऊक नसायचं. तिची आई तिला असंच म्हणायची, म्हणून तीही म्हणायची.

काम तसं सोपं होतं. घर तारण ठेवून म्हाताऱ्या माणसांना कर्ज देणारी एक कंपनी होती. तिच्या जाहिरातीत एक आजोबा आरामखुर्चीत बसून "घर माझंच, पैसेही माझेच" असं हसत सांगायचे. कर्ज मंजूर होण्याआधी कंपनीचा एजंट घरी जायचा, टेबलावर पाण्याच्या ग्लासाला मोबाईल आडवा टेकवायचा आणि चित्रण करायचा. समोर खुर्चीत कर्जदार. एजंटाने अटी वाचायच्या, कर्जदाराने मान हलवून "हो" म्हणायचं. ते चित्रण भागूबाईकडे यायचं. तिने बघायचं, चेहरा स्पष्ट आहे का, "हो" म्हटलं का, आणि सत्तरीपुढचं माणूस असेल तर, घरचं माणूस सोबत दिसतं का. सगळं ठीक असलं की फाईल पुढे. एखाद्या ठिकाणी जरी तिने "नाही" दाबलं, तरी एजंटाला लगेच निरोप जायचा आणि तो धावतपळत जाऊन पुन्हा चित्रण करायचा. त्याचं कमिशन अडकलेलं असायचं ना.

आवाज ती बंदच ठेवायची. लावला तर ठमा उठणार. कानात वायर घातली तर ठमा ती ओढणार. आणि हलणारी मान काय, आवाजाशिवायही दिसते.

खरं सांगायचं तर तिला ही चित्रणं बघायला आवडायचं. किती तऱ्हेच्या खोल्या! कुठे टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, कुठे खुर्चीच्या पाठीला अडकवलेली छत्री, कुठे भिंतीवर लग्नातला फोटो, त्यातली दोघं समोर बसलेल्या एकट्या माणसाकडे बघताहेत. मोबाईलमध्ये आपलाच चेहरा दिसत असल्यामुळे म्हाताऱ्या बायका आधी केस सारखे करायच्या. आजोबा लोक कॉलरचं वरचं बटण लावायचे. कर्ज काढायला निघालीत की फोटो काढायला, असं वाटून तिला हसू यायचं आणि मग हसल्याचं वाईट वाटायचं.

त्या दिवशी अशीच एक चष्मेवाली आजी होती. मागे आतल्या खोलीचं दार, आणि दारात एक बाई उभी. आडव्या मोबाईलमुळे तिचं डोकं चौकटीबाहेर कापलं गेलेलं. गळ्यापासून खालीच काय ते दिसत होतं. खांद्यावर मूल, आणि ती डुलत होती.

"तूही का गं बाई?" भागूबाई मनात म्हणाली, आणि घरचं माणूस या रकान्यात "हो" दाबून मोकळी झाली.

२

दुसऱ्यांदा ती, काही महिन्यांनी, एका मास्तरांच्या मागे दिसली. मास्तर असावेत, खिशाला लाल पेन होतं. मागे दार, दारात बिनडोक्याची बाई, खांद्यावर मूल.

सगळ्या आया अशाच डुलतात, भागूबाईने स्वतःला समजावलं. आजोबांची सून असेल.

मग एका ऐकू न येणाऱ्या आजोबांच्या मागे. मग दोन बहिणी एकाच सोफ्यावर हात धरून बसल्या होत्या, त्यांच्या मागे. खोल्या वेगळ्या, दारं वेगळी, पडदे वेगळे. फडकं पिवळं. तिने चित्र थांबवलं, मोठं केलं. फडक्यावर बदकं होती.

तिने मान वळवून स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं.

संध्याकाळी नवरा आल्या आल्या तिने त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. त्याने एका पायावर उभं राहून लॅपटॉपकडे पाहिलं आणि तो हसायलाच लागला.

"अगं वेडाबाई, तू आहेस ती!"

"म्हणजे?"

"प्रतिबिंब! मागे खिडकी उघडी, पुढे काच. तू डुलतेस, ती डुलते. डोकं दिसत नाही, कारण तू उभी असतेस नि स्क्रीन खाली असतो. इतकी शिकलीस नि आपल्याच सावलीला घाबरलीस? आईंनी नाव अगदी बघून ठेवलंय हं तुझं."

"जा बाई, काहीतरीच!" ती म्हणाली, पण तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग दोघंही पोट धरून हसली. ठमाही हसली, कारण सगळे हसत होते.

दुसऱ्या दिवशी ठमा झोपल्यावर तिने, उगीच आपलं खात्रीसाठी, खिडकीचा पडदा लावून घेतला. काच पुसली. ठमाला पाळण्यात ठेवलं, पिवळं फडकं दोरीवर टाकलं आणि रिकाम्या हातांनी लॅपटॉपसमोर अगदी खांबासारखी उभी राहिली. श्वाससुद्धा धरून ठेवला.

समोर एक अनोळखी आजी केस सारखे करत होती. तिच्या मागे दार होतं.

दारातली डुलत होती.

३

"अहो, घरचं माणूस दिसतंय ना? मग 'हो' करायचं!" वरच्या मॅडम फोनवर म्हणाल्या. मागे खूप माणसं एकदम बोलत असल्याचा आवाज येत होता.

"मॅडम, पण सगळ्या घरांत तेच माणूस कसं असेल?"

"कोण माणूस?"

डोकं नसलेली, माझ्यासारखं फडकं असलेली, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

"एजंटच कुणाला तरी उभं करत असेल," ती म्हणाली. सांगता सांगता तिला ते पटलंही. हो की! किती सरळ होतं. भाड्याची बाई, भाड्याचं मूल.

मॅडमचा आवाज खाली आला. "हे बघा, तुम्हाला म्हणून सांगते. एका चष्मेवाल्या बाईंचं घर गेलंय कंपनीकडे. हप्ता, दंड, वर आणखी कसले कसले आकार, त्यांना काही झेपलं नाही. त्या येऊन बसल्या होत्या इथे. म्हणतात, मला काही कळलं नव्हतं, घरच्या माणसाने सांगितलं म्हणून हो म्हटलं. आता त्या बाई एकट्या. ना मूल ना बाळ. वय झालं की होतं असं."

"मग चित्रणात मागे कोण होतं?"

"ते तुम्ही सांगायचं. 'दिसतं' असं तुम्हीच लिहिलंय. फाईलवर नाव तुमचं आहे, माझं नाही." आणि मग एकदम गोड आवाजात, "बाळ काय म्हणतंय?"

फोन ठेवते न ठेवते तोच आईचा आला. आई इथून बसने पाच-सहा थांबे पलीकडे, वडिलांनी बांधलेल्या घरात एकटी राहायची. घर म्हणजे काय, पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि पायरीशी एक पेरूचं झाड. पण भागूबाई रात्री बिछान्यावर पडली, की ठमाच्या श्वासानंतर तिला आठवायचं ते तेच घर. सगळं बिनसलं तरी तिथे जाऊन पडता येईल असं.

"काल बोलली पण नाहीस धड," आई म्हणाली. "आलीस नि दारातनंच गेलीस. चहा टाकेपर्यंत गायब!"

"काल? काल मी कुठे आले होते? रविवारी आले होते, आई."

"बरं बाई, रविवार. मी म्हातारी, मला काय कळतंय." आईचा आवाज हसरा होता. "ते असू दे. तुला मी एक बाई ठेवून देणार आहे. ठमाला सांभाळेल, भांडी घासेल. अशी काटकी झालीयेस, बघवत नाही. आणि पैशाचं म्हणशील तर ते मी बघितलंय."

ठमा रडायला लागली. "आई, मी करते हं तुला नंतर," भागूबाई म्हणाली. आईला हल्ली वारांचा गोंधळ व्हायला लागला, डॉक्टरांना एकदा विचारायला हवं, असं तिच्या मनात आलं. पैशाचं काय बघितलंय, हे मात्र विचारायचं राहून गेलं.

४

मॅडमचं ते "तुम्हीच लिहिलंय" दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्या डोक्यात घोंगावत राहिलं. दुपारी तिने ठमाला फरशीवर पसरलेल्या खेळण्यांत बसवलं, कानांत वायर घातली आणि चष्मेवाल्या आजीचं चित्रण पहिल्यांदाच आवाजासकट लावलं.

एजंटाचा आवाज आला. काय गोड बोलणं! "आई, पाणी हवं का? आई, पंखा वाढवू?" आणि मग अटी, एका दमात, जणू कुणी मागे लागलंय. व्याज, व्याजावर व्याज, कसूर, ताबा. आजी चष्मा सावरत होती.

"म्हणजे घर माझंच राहील ना रे?" तिने विचारलं.

एजंट "नाही" म्हणाला नाही, "हो"ही म्हणाला नाही. नुसता पंख्याचा आवाज. आजीने थोडी वाट पाहिली, आणि मग, एकट्या घरात कुणी वळत नाही तशी, ती दाराकडे वळली.

"श्श..." दारातून आवाज आला. "झालं हं, झालं."

आजीचे खांदे सैल झाले. तिने मान हलवली. "हो," ती म्हणाली.

भागूबाईने ते पुन्हा ऐकलं. मग मास्तरांचं लावलं, दोघी बहिणींचं लावलं. ऐकू न येणारे आजोबासुद्धा त्या शब्दांना मान हलवत होते. आपला आवाज आपल्याला परका वाटतो म्हणतात. तिला तो जराही परका वाटला नाही. त्यात ती किंचित कंटाळलेली होती, अर्धवट झोपेत होती, आणि तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या एजंटाने भाड्याची बाई आणली असेल, फडकंही बाजारात मिळत असेल. पण तिचा तो कंटाळा त्याने कुठून आणला?

तिने कानातली वायर काढली. तेवढ्यात पुढची फाईल आपोआप उघडली.

आधी तिने खोली ओळखली, मग माणूस. मोरपंखी रंगाचं कपाट, त्याच्या दाराला घडी करून लावलेला कागद, नाहीतर ते उघडायचं. खुर्चीचा एक हात दोऱ्याने बांधलेला. आणि खुर्चीत आई, नवी साडी नेसून, केस सारखे करत.

आईच्या मागे मधल्या खोलीचं दार होतं. त्या खोलीत भागूबाई लहानाची मोठी झाली होती. दारात अजून कुणी नव्हतं. पण चौकटीच्या कडेला, खाली, काहीतरी पिवळं दिसत होतं, आणि ते पुढे येत होतं.

तिने बघितलं नाही. काही बघायचं नाही, ऐकायचं नाही, पुढचा शब्दसुद्धा नाही. तिने थेट रकाना गाठला. घरचं माणूस दिसतं का?

नाही.

आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी ठाम केलं असं तिला वाटलं. तेवढ्यात पडद्यावर हिरवी ओळ उमटली: एजंटला निरोप गेला आहे. तो पुन्हा चित्रण करील.

५

आई फोन उचलत नव्हती. भागूबाईने ठमाला खांद्यावर टाकलं, हाताला येईल ते फडकं घेतलं, कुलूप लावलं की नाही याचा विचार करत बस पकडली. बसमध्ये एक बाई म्हणाली, "अहो, बाळाची टोपी उलटी आहे." ती "हो हो" म्हणाली आणि टोपी तशीच राहू दिली.

पुढचं दार आतून बंद होतं. खिडकीही लावलेली, भर दुपारी. पायरीशी पुरुषाच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. ती वळसा घालून मागे गेली, पेरूखालून, स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरली. ते दार आई कधीच लावत नसे. ओट्यावर चहाचे कप होते. दोन नव्हे, तीन. तिसरा भरलेला, साय धरलेला.

"आई, पंखा वाढवू?" पुढच्या खोलीतून आवाज आला. काय गोड बोलणं!

मधली खोली अंधारी होती. तिचा जुना पलंग, वर गाद्यांचा ढीग, कोपऱ्यात शिवणयंत्र. तिथे कुणी नव्हतं. तिने नीट पाहिलं; भागूबाईच ती, पलंगाखालीसुद्धा पाहिलं. मग ती दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

आई पाठमोरी बसली होती. टेबलावर ग्लास, ग्लासाला टेकवलेला मोबाईल. पलीकडे एजंट. तरुण होता, बारीक, घामाघूम झालेला. तिला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

"आलात ताई? बरं झालं. त्या फाईलचं तुमच्यामुळेच अडलं होतं. तिथेच उभ्या राहा, छान दिसताय."

"आई, थांब," भागूबाई म्हणाली. आवाज हवा तेवढा मोठा निघाला नाही. "हो म्हणू नकोस. घर जाईल. माझं ऐक, हे लोक घर घेतात."

आई वळली. तिचा चेहरा आधी उजळला, लेक-नात दिसल्यावर उजळतो तसा. मग तिची नजर भागूबाईच्या खांद्यावरून मागे, मधल्या खोलीत गेली. परत भागूबाईवर आली. परत मागे गेली. कापडाच्या दुकानात दोन लुगड्यांत कुठलं घ्यावं ते कळत नसलं की ती अशी बघायची.

"अगं, पण तूच तर..." आई थांबली. आणि हसली. "तू आपली भागूबाई ती भागूबाईच. उगाच घाबरतेस नि मला घाबरवतेस. ती बघ की, किती शांत उभी आहे."

"आई, मागे कुणी नाहीये!"

"नाही कसं?"

ओरडण्याने ठमा दचकली आणि तिने गळा काढला. भागूबाईचं अंग आपसूक हलायला लागलं होतं. तिने ते थांबवलं. टाचा फरशीत रोवल्या. जिभेवर आलेले शब्द तिने दातांखाली धरले, इतके घट्ट की तोंडात रक्ताची चव आली. काही झालं तरी आत्ता ते म्हणायचं नाही. ठमा रडू दे. रडून रडून घर डोक्यावर घेऊ दे.

"श्श..."

तिच्या कानाच्या अगदी मागे. श्वास ऊन होता, आणि त्याला दुधाचा वास होता.

"झालं हं, झालं."

ठमा गप्प झाली. हुंदका अर्धा राहिला. तिने बदकांवरून मान उचलली आणि दोन्ही हात पसरले, मागच्या बाजूला. असे हात ती सबंध जगात एकाच माणसाकडे पसरायची.

आईचे खांदे सैल झाले. ती पुढे वळली, केसांवरून एकदा हात फिरवला, मोबाईलमध्ये बघत.

"आई!" भागूबाई ओरडली. ओरडली असं तिला वाटलं. एजंटाने मानसुद्धा वर केली नाही.

"लेक म्हणतेय ना," आई त्याला म्हणाली. "मग हो."

तेव्हा भागूबाईने मोबाईलच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यात आई होती, मोरपंखी कपाट होतं, मागे मधल्या खोलीचं दार होतं. दारात एकच बाई होती. डोकं वर कापलं गेलेलं, खांद्यावर पिवळं फडकं, फडक्यावर शांत झालेलं मूल.

भागूबाई खांबासारखी उभी होती. श्वाससुद्धा धरून.

पडद्यातली डुलत होती.